तांब्याच्या रंगाचा टॅरांटुला

नवऱ्याला मी घरात ‘तुम्ही’ म्हणते. इथे ‘तो’ म्हणणार आहे. लिहिताना तरी बाईला एवढी मुभा असावी.

दारव्ह्यात त्याचं आणि त्याच्या धाकट्या भावाचं दुकान होतं. जळालेल्या विजेच्या मोटारींना तांब्याच्या तारेचं नवं वाइंडिंग करून द्यायचे. विहिरीवरचे पंप, पिठाच्या गिरण्या, उन्हाळ्यात कूलर. मागच्या वर्षी उन्हाळ्याच्या तोंडाशी एका गिरणीत मोटार खोलायला बसताना धाकट्याने विचारलं, “लाईन बंद आहे ना?” ह्याने मानही वर न करता सांगितलं, “हो, बंद आहे.” बंद नव्हती. धाकटा शॉक लागून जागच्या जागी गेला.

त्या दिवशी दुकानाचं शटर खाली आलं आणि नवऱ्याचं तोंड मिटलं. हो, नाही, पाणी दे. एवढ्या शब्दांत त्याचा दिवस निघायचा. यवतमाळच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि म्हणाले, कशात तरी गुंतवा त्यांना. मी मराठी शाळेत शिकवते. वर्गभर पोरांना नुसतं डोळे वटारून गप्प करते. गप्प बसलेल्या माणसाला बोलतं कसं करायचं, हे मात्र आजवर एकाही प्रशिक्षणात सांगितलेलं नाही.

तो दिवसभर मोबाइल घेऊन बसायचा. बघत काही नसायचा, अंगठा तेवढा फिरायचा. एका दुपारी मी तांदूळ निवडत होते, तेव्हा त्याचा अंगठा थांबला. मी डोकावले तर पडद्यावर हाताच्या पंजाएवढा केसाळ कोळी. माझ्या अंगावर सरसरून काटा आला. पण सहा महिन्यांत हा माणूस कुठे थांबलाच नव्हता. मी काटा गिळला आणि शेजारी जाऊन बसले.

“असे किती प्रकारचे असतात?” मी विचारलं.

त्याने मोबाइल माझ्याकडे थोडा कलता केला. मग रोज मी शाळेतून आले की आमचा तोच उद्योग. लोक मुलासाठी सून बघतात, आम्ही टॅरांटुला, म्हणजे हे केसाळ कोळी, बघत होतो. निळ्याभोर पायांचा एक मला त्यातल्या त्यात बरा वाटला. तो म्हणाला, “नखरेल आहे.” एवढं बोलला! मी आनंद चेहऱ्यावर दिसू दिला नाही. झाडावर राहणारा, पिवळे पट्टे असलेला एक होता. “पळते लय. पळणारं नको.” गुडघ्यांवर लाल ठिपके असलेला तर फारच देखणा होता. त्यावर नुसती मान हलली, नाही म्हणून.

मग एक दिवस तो एका तपकिरी, मळकट दिसणाऱ्या मादीवर येऊन थांबला. अंगभर कुरळे केस, उजेडात किंचित सोनेरी. माझ्या मते सगळ्यांत कुरूप.

“इच्यात काय पाह्यलं तुमी?” मी म्हटलं.

“वाइंडिंगच्या तारेवाणी आहे,” तो म्हणाला. “तांब्याचे तुकडे चिकटून राह्यले अंगाले, असं दिसते.”

काम संपवून दोघे भाऊ घरी यायचे, तेव्हा दोघांच्या केसांत, बाह्यांवर असेच तारेचे बारीक तुकडे चमकत असायचे. मी आत जाऊन भांडी आवरली. रडायचं असलं की मी भांडी आवरते.

नागपूरला असे कोळी पाळणारा एक जण मिळाला. त्याने फोनवर विचारलं, नर पाहिजे की मादी? नर थोडीच वर्षं जगतो, मादी वीस वर्षंही काढते. नवरा लगेच म्हणाला, “मादीच पाहिजे.” मी त्या रात्री कित्येक महिन्यांनी नीट झोपले. ज्याला वीस वर्षांचं जनावर हवं आहे, तो माणूस कुठे जाणार नाही, असा माझा हिशोब. आधीच्या रात्री मी कशाच्या भीतीने जागी असायचे, ते इथे लिहीत नाही.

सासूबाई कुरकुरतील असं वाटलं होतं. त्यांनी तर पोटचं पोर गमावलेलं. पण त्या म्हणाल्या, “राहू दे. पैगंबर साहेब दुश्मनापासून गुहेत लपले होते तं कोळ्यानंच तोंडाशी जाळं विणून वाचवलं. आपल्यात मारत नाई त्याले.”

नागपूरहून ती घरी आली. प्लास्टिकच्या मोठ्या बरणीला भोकं पाडली, आत नारळाचा भुसा, फुटक्या मडक्याचा आडोसा, बाटलीच्या झाकणात पाणी. खायला जिवंत रातकिडे लागायचे. शेतातले चालत नव्हते, सोयाबीनवर फवारणी झालेली. म्हणून तो बंद पडलेल्या रेल्वेलाईनच्या कडेने गवतात रातकिडे धरत फिरायचा. वाटेत कुणी हटकायचं, “काय करून राह्यले भाऊ?” त्याला उत्तर द्यावं लागायचं. हळूहळू घरीही दोन वाक्यं जास्त येऊ लागली. मला ती कोळ्याची मादी आवडायला लागली असं म्हणणार नाही. पण तिचे उपकार मी मानत होते.

दिवाळीच्या सुट्ट्या लागल्या तेव्हा तिने खाणं सोडलं होतं. “खाऊन नाई राह्यली ते,” मी म्हटलं. “राहू दे,” तो म्हणाला. का, ते त्याने सांगितलं नाही, आणि मीही खोदून विचारलं नाही. दोन वाक्यांवर समाधान मानायची सवय लागली होती मला.

सुट्ट्यांतल्या एका शुक्रवारी तो भावाच्या मौतीनंतर पहिल्यांदा जुम्म्याच्या नमाजाला गेला. स्वतः इस्त्री करून, अत्तर लावून. मी दारात उभी राहून तो वळेपर्यंत बघत राहिले. मग आत आले, तर बरणीत ती उलटी पडलेली. आठही पाय वर. मी बरणी हलवली. काडीने डिवचलं. काही नाही.

आज? आजच? हा माणूस इतक्या दिवसांनी चार लोकांत बसून घरी येणार आणि पुन्हा मेलेलं बघणार? मय्यतीला उशीर करू नये, हे आमच्यात लहानपणापासून कानावर पडतं. तेवढंच त्या क्षणी मला सुचलं. जुन्या ओढणीच्या तुकड्यात गुंडाळून मी तिला अंगणात डाळिंबाखाली पुरलं. मांजरीने उकरू नये म्हणून माती पायाने चांगली दाबली. बरणीसुद्धा घासून पालथी घातली. कामाची बाई ना मी.

तो आला तेव्हा चेहरा धुतल्यासारखा होता. त्याने पालथी बरणी पाहिली.

“गेली ते,” मी म्हटलं. “तुमाले पाहा लागू नये म्हणून मी दफन केली.”

“उलटी पडली होती का?”

“हो.”

तो अंगणात गेला आणि हातांनी माती उकरू लागला. ओढणी उलगडली. तिची पाठ उसवली होती, आणि जुन्या कातड्यातून नवे, पांढुरके, मऊ पाय अर्धे बाहेर आलेले. सगळे चेपलेले.

“कात टाकून राह्यलती,” तो म्हणाला. “उलटीच होते तवा. दिवसभर हलत नाई.”

मी तिथेच मातीत बसले. “मले काय माहीत? मले वाटलं मेली. मी नीट पाह्यलंच नाई हो.”

मला वाटलं तो ओरडेल. ओरडला असता तर बरं झालं असतं. त्याने ओढणी परत गुंडाळली, खड्ड्यात ठेवली, वरून नुसती माती लोटली.

“मलेबी वाटलं होतं, बंद आहे,” तो म्हणाला.

आणि हात धुवायला उठला. भावाबद्दल तो बोलला ते तेवढंच. त्यानंतर पुन्हा हो, नाही, पाणी दे.