शिळा आकडा

चार नंबर मला कधीच आवडली नाही, हे आधीच सांगून टाकते. एकोणीस वर्षं तिच्या डाव्या हाताला बसले, म्हणून तिच्याबद्दल गोडच बोलावं असं कुणी मला शिकवू नये. तिच्या नाकावर माशी बसत नसे, आणि बसलीच तर त्या माशीचीही ती उलटतपासणी घेई.

आमचा पोलादाचा कारखाना. कंबरभर जाडीचा ठोकळा भट्टीत तापवायचा आणि दार बंद ठेवून आतच निववायचा. गाभा चारशे अंशांखाली येण्याआधी दार उघडलं तर ठोकळा तडकतो आणि त्याचे तुकडे उडतात. ठोकळ्याच्या पोटात थर्मामीटर घालता येत नाही, म्हणून आम्ही सात जणी. एका लांब टेबलाशी सात स्टुलं, प्रत्येक स्टूल म्हणजे ठोकळ्याचा एक थर. मी तिसरा थर. चौथा थर म्हणजे गाभा, तिथे ती.

घंटी वाजली की एक फेरी, आणि एक फेरी म्हणजे ठोकळ्याचा पाव तास, आमची जेमतेम दोन मिनिटं; म्हणून दार कधी उघडायचं ते आधीच कळे. दोन्ही शेजारणींच्या आकड्यांची बेरीज करायची, निम्मे करायचे, तो आपला नवा आकडा. टोकाच्या दोघी बाहेरच्या बाजूला भट्टीचे तीनशे अंश धरायच्या. अट एकच. शेजारणीला मागच्या फेरीचा आकडा द्यायचा, नवा पुढच्या घंटीपर्यंत हाताखाली ठेवायचा. "शिळं द्या, शिळं घ्या, ताजं झाकून ठेवा," असं आम्ही नव्या बायकांना शिकवायचो. ताजं मध्येच वाढलं तर एकीचा थर पुढच्या वेळेत जातो आणि दुसरीचा मागेच राहतो.

आता पाच नंबरवर कोण, तर चार नंबरची सख्खी भावजय. दोघींचं विळ्या-भोपळ्याचं सख्य, सहा वर्षांचा अबोला. चार नंबरचे वडील भावाच्या घरी आजारी होते. एका सकाळी फाटकाशी तिने भावजयीला विचारलं, "बाबा कसे आहेत?" ती म्हणाली, "बरे आहेत." ते बरेपण आदल्या रात्रीचं होतं. दुपारी ही घरी पोचली तेव्हा बाबा गेलेले. "तिनं मला शिळा आकडा दिला," एवढंच ती तेव्हापासून म्हणे, आणि दिवसातून चाळीस वेळा त्याच भावजयीकडून शिळाच आकडा घेई. चिठ्ठी टेबलावरून सरकायची, नजर वर व्हायची नाही.

मग नवे साहेब आले. उंटावरून शेळ्या हाकणारे. "पाव तास कशाला? अर्धा तास धरा. फेऱ्या निम्म्या, काम निम्मं." त्यासाठीचा नियम त्यांनी कुठल्याशा पुस्तकाचं अर्धं पान वाचून आणला होता. दोन्ही शेजारणींची बेरीज, वजा आपला जुना आकडा.

त्या दिवशी सकाळी दहाला गाभा सहाशे सत्तर होता. चार नंबरचे आकडे येत गेले, सहाशे दहा, पाचशे सत्तर, पाचशे दहा. चौथ्या फेरीत पाचशे तीस. पाचव्या फेरीत एकदम साडेतीनशे. साहेबांनी चिठ्ठी उचलली.

"चारशेच्या खाली आला. पाच फेऱ्या, अडीच तास. साडेबाराला दार उघडायचं."

"साहेब, निवणारा ठोकळा मध्येच वीस अंश तापला कसा?" चार नंबर म्हणाली.

"एक-सात, दोन-सहा, तीन-पाच जुळतायत ना? मग हिशोब बरोबर आहे." ठोकळा दोन्हीकडून सारखाच निवतो, म्हणून दोन्ही बाजूंचे आकडे जुळणं हीच आमची तपासणी होती. साहेब चिठ्ठी घेऊन गेले.

दार उघडलं की लोखंडी आकडा अडकवायला सगळ्यात पुढे जाणारा माणूस म्हणजे चार नंबरचा भाऊ, पाच नंबरचा नवरा. चार नंबर उजवीकडे वळली. सहा वर्षांनी भावजयीशी पहिला शब्द काय बोलावा माणसाने?

"ताजा दिलास!"

"शिळाच दिला, वन्सं. नेहमी शिळाच देते."

"मग माझा वाढला कसा? दावा साधतेस? तिथे तुझाच नवरा उभा आहे गं!"

माझं डोकं फिरलं. मी माझी चिठ्ठी दोघींच्या मध्ये आपटली. "हिचा आकडा आणि माझा आकडा एकच आहे. मग मीही दावा साधतेय का? साप साप म्हणून भुई काय धोपटताय! आणखी एक फेरी करा."

केली. गाभा साडेसातशे आला आणि माझा थर एकशे चाळीस. भट्टीच तीनशेची, आणि तिच्यात ठेवलेलं पोलाद एकशे चाळीस! कुणाला हसूही आलं नाही.

"कुणी खोटं दिलेलं नाही," पाच नंबर हळूच म्हणाली. "अर्ध्या तासाचं पाऊलच मोठं पडलंय."

आम्ही जुन्या नियमाने, पाव तासाने, दहाच्या आकड्यांपासून पुन्हा बसलो. सतरा फेऱ्या लागल्या. गाभा चारशेखाली यायला सव्वादोन वाजणार होते. चार नंबर तो कागद घेऊन साहेबांकडे गेली. "साडेबारा म्हणजे साडेबारा. घरचं भांडण हिशोबात आणू नका," एवढंच ऐकून परत आली.

मग दोघी उठल्या आणि आवार ओलांडून भट्टीकडे निघाल्या. भावाने पाहिलं, बहीण आणि बायको एका रस्त्याने येतायत, एकाच वेळी बोलतायत आणि एकच बोलतायत. त्याने आकडा खाली टाकला. "ह्या दोघी मिळून आल्या म्हणजे आत काहीतरी भयंकर आहे," तो बाकीच्यांना म्हणाला. मग एकही माणूस दाराजवळ जाईना.

सव्वादोनला दार उघडलं. ठोकळा धड निघाला, आणि तेच आम्हाला नडलं. "बघा, काही झालं का?" साहेब म्हणाले. कामात अडथळा आणला म्हणून एकीला काढायचं ठरलं. चार नंबर उभी राहिली. "मी नेलं तिला. ती माझ्यामागून आली." चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय.

फाटकाशी तिने भावजयीला विचारलं, "त्या दिवशी तुला माहीत होतं?"

"मी निघाले तेव्हा बाबा झोपले होते. माझ्याकडे रात्रीचाच आकडा होता."

"मग वेळ सांगायची होतीस," चार नंबर म्हणाली आणि निघून गेली. मला नुसतं 'येते'सुद्धा म्हणाली नाही. एकोणीस वर्षं शेजारी बसले होते मी! तो राग अजून गेलेला नाही.

काम मात्र त्यानंतर गुपचूप पाव तासावर आलं. अबोला होता तिथेच राहिला. चार वर्षांनी चार नंबरने अंथरूण धरलं तेव्हा भावजय रोज कामावर येताना तिच्या उशाशी डबा ठेवून यायची, पण बोलणं नाही. एकदा फेरी चालू असताना मी विचारलं, "कशी आहे गं ती?"

"साडेसातला बऱ्या होत्या," पाच नंबर म्हणाली. मग तिने घड्याळाकडे पाहिलं. अकरा वाजत आले होते. "आत्ताचं मला माहीत नाही."

तिने पेन्सिल खाली ठेवली, चपला घातल्या आणि ती बाहेर पडली. घंटी वाजली. चार नंबरच्या स्टुलावरची नवी बाई चिठ्ठीसाठी हात पुढे करून बसली होती.