गॅसवरचं भरीत

"गॅसवरचं काय भरीत असते? तुराट्यांच्या जाळावर भाजत जाय, नाही तं नोकरी सोड!" शेजारचा शेषराव बायकोवर ओरडून राहिला होता. चतुरा अकोल्याच्या दालमिलमधून दिवसभर उभी राहून आलेली.

"जाळ तुमी लावा, भाजतो मी," ती म्हणाली.

त्या बाप्यानं जाळ कधी लावला नाही. नाक मुरडत तेच भरीत भाकरीसंगं चाटूनपुसून खाल्लं, वर्षानुवर्षं! मले अजून संताप येते. चतुरानं नोकरी काही सोडली नाही.

परवा ती रिटायर झाली. हारासकट ऑटोतून उतरली, तं हा दारातच. "आता सवड हाय, तुराट्या आणू?"

चतुरानं कोपऱ्यावरच्या गाडीवरून रोजच्यासारखी दोन वांगी घेतली अन् गॅस पेटवला.