शिपायाचा दगड

“शिपायाला कुठं दगड असतो व्हय गं?”

एवढं बोलून फौजदारांचा नातू हसला. लासुर्ण्यात, त्यांच्याच उसाच्या बांधावर. त्याच्या आजोबांच्या समाधीचा दगड मांडीपुढं घेऊन मी नाव कोरत बसले होते. दगडावर अक्षरं कोरणं हा माझा धंदा. काळ्या ग्रॅनाईटची वीतभर पट्टी कापून उरली होती. ती मी मागितली, माझ्या आज्यासाठी. माझा आजा याच फौजदारांच्या हाताखाली शिपाई होता.

“तुझा आजा आमच्या म्हशी धूत व्हता,” तो पुढं म्हणाला. शाळेत माझ्या मागच्या बाकावर बसायचा हा. गडी हसले. मी मान खाली घालून छिन्नी चालू ठेवली.

खोटं नव्हतं ते. आजा घरून खाकी घालून निघायचा आणि सायबाच्या गोठ्यात खाकी खुंटीला लावायचा.

मला हेवा वाटत होता. लाजू कशाला? त्या दगडाचा, त्याखालच्या बांधीव ओट्याचा, सगळ्याचा. आमच्यात पुरतात. ओढ्याकाठी, डोक्याशी एक अनघड दगड. नाव लावत नाहीत. दिवाळीला चुना फासायचा, बस. गेल्या दिवाळीला आज्याचा दगड कुठला हेच मला आठवेना, चुलत्याला विचारावं लागलं. आणि इथं मेलेल्याचा हुद्दासुद्धा सोनेरी रंगात भरायचा. पोटात दुखत होतं माझ्या, अक्षराअक्षराला.

नाव झालं. हुद्दा झाला. मग नातवानं दिलेल्या कागदावरची तिसरी ओळ वाचली. ‘उजनीच्या पाण्यात उडी घेऊन तिघांचे प्राण वाचविले.’

हात थांबला.

ती उडी माझ्या आज्यानं घेतली होती. भिगवणजवळ होडी उलटली तेव्हा. फौजदार काठावर, जीपमध्ये. त्या तिघांतली एक मासेवाली आजा होता तोवर दरवर्षी मासे घेऊन आमच्या दारात यायची. “ह्या हातानं मला वडून काढली,” म्हणायची आणि आज्याचा हात डोळ्यांना लावायची.

“ही उडी माझ्या आज्याची हाय,” मी म्हणाले.

“हुकूम कुणाचा व्हता? शिपायाचं काम सायबाच्याच नावावर जातं. कोर गप.”

इतकी वर्षं गपच कोरलं होतं. छिन्नी पिशवीत टाकली. “ही ओळ माझ्या हातानं व्हायची न्हाय.”

“नगं करू. बारामतीत मशीनवर तासात व्हतंय.”

झालंसुद्धा. ती ओळ आज तिथं आहे.

मी ओढ्याकाठी जाऊन आज्याच्या दगडापुढं बसले. छिन्नीचा आवाज ऐकून चुलता धावत आला. “आपल्यात नाव लावीत न्हाईत, पोरी.”

“का न्हाईत?”

चुलताच खाली बसून दगडावरचा चुना खरवडू लागला. मी नाव कोरलं. पोलिसातला बक्कल नंबर कोरला. खाली कोरलं, ‘तिघांना पाण्यातून काढलं.’ दगड खडबडीत, अक्षरं वाकडी आली.

लासुर्ण्याच्या रस्त्यानं जाताना तो काळा दगड अजून चमकतो आणि मी अजून जळते. जळणारच. पण आता कुणाचाही दगड घेताना आधी विचारते, कागदावरचं हे काम खरं केलं कुणी? सायबाचं नाव सांगितलं तर शिपायाचं विचारते. सांगितलं नाही, तर माझी छिन्नी पिशवीतून निघत नाही.