समोरच्या गच्चीवरची काळी बादली

डेंग्यू आमच्या घरात झाला आणि बादली मिळाली समोरच्यांना.

पंचवटीतल्या आमच्या गल्लीत एका संस्थेने डासांवर नवा उपाय आणला होता. काळी बादली, आत पाणी, पाण्यावर तरंगती जाळी आणि जाळीला औषधाची पूड. अंडी घालायला आलेल्या मादीच्या पायांना पूड लागते. मग ती गल्लीत ज्या ज्या पाण्यावर बसेल तिथल्या अळ्या मरतात. कल्पना मला फार आवडली, म्हणून राग जास्त. दवाखान्यात बायकोच्या उशाशी बसून रोज प्लेटलेट्सची चौकशी मी केली होती. समोरच्यांना साधी शिंकही आली नव्हती. पण त्यांची गच्ची मोठी, आणि माजी नगरसेवक त्यांचा भाचा.

उद्घाटनाला नारळ फुटला, बादलीला हार घातला, हळदकुंकू वाहिलं. फ्लेक्सवर भाचा मोठा, मामा मध्यम आणि डास कोपऱ्यात.

पावसाळा अर्धा सरला तरी डास होते तेवढेच. मला बरं वाटलं.

"तुम्ही नक्की कोणाच्या बाजूचे?" बायको टाच खाजवत म्हणाली. "मला परत सलाइन लागली की पेढे वाटा!"

त्या दुपारी मी समोरच्या गच्चीवर गेलो. शेजारीणबाई बादली मोरीत उपडी करत होत्या.

"वहिनी, हे काय?"

"अहो भाऊजी, पूजा केलेली बादली ना? तिच्यात शिळं पाणी कसं ठेवायचं? रोज ताजं भरते, थोडं गंगेचं घालते. जाळीवर काय पांढरी घाण होती! पहिल्याच दिवशी घासून लख्ख केली."

गप्प बसलो असतो तर समोरच्यांची छान फजिती झाली असती. पण बायकोची टाच आठवली. मी संस्थेला फोन केला. माणसं आली, नवी जाळी बसवली आणि पाण्याला हात लावू नका, असं वहिनींना समजावून गेली.

गणपतीत सत्कार झाला. चूक वेळीच लक्षात आल्याबद्दल शाल मामांना मिळाली. मला दुसऱ्या रांगेतली खुर्ची आणि एक पेढा.

आता डास खरंच कमी आहेत. डेंग्यूचा डास दिवसा चावतो, पण बायको दुपारी खिडकी उघडी टाकून निर्धास्त झोपते. झोपण्याआधी म्हणते, "समोरच्यांचे उपकारच म्हणायचे."

मला मात्र दुपारची झोप लागत नाही. त्या खिडकीतून त्यांची गच्ची दिसते.