दोन दारांचा निवारा

आम्ही पाडा सोडला तेव्हा दुपार होती. इगतपुरीच्या पुढं, डोंगराच्या उतारावर आपली अकरा घरं. घरामागं हातभर रुंद भेग पडली होती आणि तिच्यातून गढूळ पाणी वाहत होतं. बा एवढंच म्हणाला, "मागं बघू नको. चाल." मी बघितलं. आमचा गोठा जागेवर नव्हता. गाय आधीच सोडली होती, एवढंच बरं.

पाड्यावरच्यांनो, तुमच्यातले काही घोटीला गेले, काही कल्याणला. मी नाशिकला शिकायला आले आणि इथलीच झाले. आता अंबडच्या एका कारखान्यात मी बेघर झालेल्यांसाठी हलके निवारे डिझाइन करते. पॅनल एकमेकांत अडकवले की चार माणसं तासाभरात खोली उभी करतात. ऑफिसात एसी, समोर कॉम्प्युटर. पण बाहेर पाऊस वाढला की माझा हात माऊसवरच थांबतो आणि मी फरशीकडं बघते, कुठं भेग पडलीय का म्हणून. तिसऱ्या मजल्यावर!

गेल्या पावसाळ्यात हरसूलकडच्या एका पाड्यामागचा डोंगर खचायला लागला. लोकांना माळावर आणलं. आमचे निवारे तिथं पोचले, त्यांच्याबरोबर मीही. सगळे आत शिरले. सोनीबाई नावाची एक म्हातारी मात्र पावसात बाहेरच बसून राहिली.

"आजी, आत चला ना."

"याला दार एकच हाय, बाय. डोंगर त्याच बाजूनं आला तं?"

वजन कमी व्हावं म्हणून दुसरं दार मीच काढून टाकलं होतं. माळापर्यंत डोंगर येणार नाही, हे मला ठाऊक होतं. पण तिला ते पटवत बसले नाही. एक निवारा उभा करायचा राहिला होता. त्याच्या दाराचा पॅनल आम्ही तिच्या निवाऱ्याच्या मागच्या भिंतीत बसवला. तिनं दोन्ही दारांतून एकेकदा बाहेर येऊन पाहिलं, मग आत जाऊन बसली.

तेवढ्यात वारा सुटला. पॅनल थरथरायला लागले. चिखलात तिच्या निवाऱ्याची एक खुंटी सैल झाली, तसा मी तिचा दोर दोन्ही हातांनी धरला. सोबतच्यांनी दगड आणून खुंटी पक्की करेपर्यंत मी तो सोडला नाही. नंतर आत डोकावले, तर सोनीबाई गाढ झोपली होती.

परतल्यावर मी ड्रॉइंग बदललं. आता प्रत्येक निवाऱ्याला दोन दारं असतात.

बा घोटीहून फोन करतो. "घरी कधी येतीस?" कुठलं घर, हे तोही सांगत नाही, मीही विचारत नाही. भर पावसात सोनीबाईसारखी झोप मला जिथं लागेल, ते माझं घर. अजून कुठं लागलेली नाही.