भिंतीवरची फुली

सुरतेच्या लिंबायतमधल्या ज्या कुत्र्याने आमच्या मामासासऱ्यांना चावा घेतला नाही, ते कुत्रं एकतर कालपरवा जन्माला आलेलं असायचं, नाहीतर त्याच्या तोंडात दात तरी नसायचे. मामासासरे म्हणजे ह्यांचे सख्खे मामा. खानदेशातून विशीत सुरतेला आले आणि विजेचे मीटर वाचायच्या नोकरीला लागले ते थेट निवृत्त होईपर्यंत दुसऱ्यांच्या जिन्याखाली, मोरीमागे आणि फाटकाआड वाकून आकडे टिपत राहिले. जिथे मीटर तिथे नेमकं कुत्रं बांधलेलं असतं, हा त्यांच्या आयुष्याचा अनुभव. त्यांच्या दोन्ही पोटऱ्या म्हणजे आमच्या भागाचा नकाशाच. लग्नाच्या पंगतीत शेजारी कोणी नवखा बसला की मामा पायजमा गुडघ्यापर्यंत सरकवायचे आणि एकेका खुणेचा पत्ता सांगायचे. हा शाळेच्या मागच्या गल्लीतला तांबडा, हा पांडेसऱ्याच्या डाइंग मिलचा राखणदार, हा डॉक्टरांच्या घरचा पांढरा केसाळ. समोरच्याच्या हातातला जिलबीचा तुकडा हातातच राहायचा. शेवटी मामा म्हणायचे, की या सगळ्या मालकांनी दार उघडताना एकच वाक्य म्हटलं होतं. "आवो ने, ए कंई नहीं करे!" या, तो काही करत नाही.

बरं, इतके चावे खाऊन माणसाने कुत्र्यांवर दात धरावा की नाही? मामांचा राग सगळा मालकांवर. कुत्र्याची बाजू ते वकिलासारखी मांडत. तांबड्याची साखळी हातभर होती, बिचारा दिवसभर उन्हात. केसाळाचा कान फुटलेला होता आणि मालकाला पत्ता नव्हता. राखणदाराची तर चूकच नव्हती, मामाच त्याच्या जेवणाच्या वेळी गेले होते. स्वतः मात्र त्यांनी कुत्रं कधी पाळलं नाही. मामींनी लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात सांगून टाकलं होतं, की या घरात एक तर कुत्रं राहील नाहीतर मी, आणि मामांनी विचार करायला बराच वेळ घेतला म्हणून मामी चार दिवस बोलल्या नव्हत्या.

कुत्र्यांच्या सहवासाने मामांच्या चालीरीतीच बदलून गेल्या होत्या. अनोळखी कुत्र्याकडे सरळ चालत जाऊ नये, बाजूने वळसा घेऊन जावं, हा त्यांचा नियम. पुढे पुढे ते माणसांकडेही तसेच जाऊ लागले. नणंदेच्या लग्नात व्याह्यांच्या स्वागताला निघालेले मामा मांडवाच्या कडेकडेने, जमिनीकडे बघत, अर्धा गोल काढून पोहोचले, तोवर व्याही आत जाऊन बसले होते. मला बघायला ही मंडळी जालन्याला आली तेव्हा सगळे माझ्याकडे टक लावून बघत होते. एकटे मामा फरशीकडे बघत होते आणि अधूनमधून मोठ्या जांभया देत होते. चांगल्या तीन दिल्या. मला असा संताप आला! पोरगी पसंत नसेल तर नसो, पण समोर बसून जांभया? लग्नानंतर वर्षभराने मी तोंडावर विचारलं तेव्हा ते लाजले. घरात ते अहिराणीच बोलत. "पोरगी भ्यायेल व्हती," म्हणाले. घाबरलेल्या जनावरासमोर आपण जांभई दिली की त्याला वाटतं, याच्यापासून धोका नाही, आणि ते निवतं. त्या खोलीत मी घाबरले आहे हे एवढ्या माणसांत फक्त त्यांना दिसलं होतं. त्यावर रागवायचं कसं, ते मला अजून कळलेलं नाही.

त्यांच्या खिशात पेनाशेजारी खडूचा तुकडा असायचा. मीटर वाचून झाला की ते फाटकाजवळच्या भिंतीवर, गुडघ्याएवढ्या उंचीवर, एक खूण काढत. नुसता गोल म्हणजे हा फक्त भुंकतो. दोन उभ्या रेघा म्हणजे हा आधी गुरगुरून सांगतो, त्याचं ऐका. आणि फुली म्हणजे हा न सांगता चावतो. खुणा मागून येणाऱ्यांसाठी होत्या, पोस्टमनसाठी, गॅसवाल्यासाठी. पावसाने पुसल्या तर मामा पुढच्या फेरीला पुन्हा काढत. हळूहळू साऱ्या लिंबायतला ही लिपी वाचता येऊ लागली आणि भांडणं सुरू झाली. एका शेठच्या भल्यामोठ्या विलायती कुत्र्याला मामांनी नुसता गोल दिला, तर शेठ पावशेर घारी, आमची सुरती मिठाई, घेऊन घरी आले. म्हणाले, काका, एवढ्या हौसेने आणलाय, निदान दोन रेघा तरी द्या, लोक हसतात. मामांनी घारी खाल्ली आणि गोल कायम ठेवला.

गल्लीतल्या पोरांना त्यांनी एक पाठ पढवला होता. कुत्रं अंगावर आलं तर "पयू नको, वरडू नको, डोयामा दखू नको." म्हणजे पळायचं नाही, ओरडायचं नाही, त्याच्या डोळ्यांत बघायचं नाही. हात खाली, बोटं मुठीत, आणि झाड व्हायचं. संध्याकाळी ते पोरांना रांगेत उभं करून झाड व्हायला लावत. पोरं इतकी तयार झाली, की गणिताचे शिकवणीवाले सर गल्लीत शिरले तरी झाडं होऊन उभी राहत. आणि चावलंच कुत्रं, तर नळाखाली साबण लावून घड्याळात बघून पंधरा मिनिटं जखम धुवायची, मग तडक दवाखाना, आणि सुया एकही न चुकवता पुऱ्या करायच्या. चाव्यावर तिखट भरायची आमच्याकडे जुनी रीत. मामांच्या पहिल्या चाव्यावर त्यांच्या आईने मूठभर भरलं होतं, आणि ते आठवलं की साठीतसुद्धा त्यांच्या डोळ्यांत पाणी यायचं. कोणी तिखटाचा डबा काढला की ते ओरडत, "मिरची भाजीमा टाक, जखममा नही!"

एवढा मोठा जाणकार घरचाच असताना मी जे केलं, ते आता सांगायला हवं.

आमच्या जिन्याखाली एक पिल्लू वाढलं होतं. मी घरी साड्यांना लेस लावायचं काम करते. खोलीभर गठ्ठे असतात, आणि हे महाशय त्यातला सर्वांत उंच गठ्ठा निवडून वर लोळत पडायचे, म्हणून त्याचं नाव शेठ. शेठ मोठा झाला आणि गुरगुरायला लागला. माल न्यायला येणाऱ्यांवर, ताटलीजवळ जाणाऱ्यांवर. मुलगी तेव्हा सव्वा वर्षाची, नुकती पाऊल टाकत होती, म्हटलं हे चालायचं नाही. तो गुरगुरला की मी चप्पल घ्यायचे. महिनाभरात शेठ असा गप्प झाला की विचारू नका. मी गल्लीभर सांगत सुटले, की आमचा शेठ बघा, मुलगी त्याच्या ताटलीत हात घालते तरी हूं की चूं नाही. त्याच महिन्यात मामा रीडिंगला आले, शेठपासून चार हातांवर उकिडवे बसले, बराच वेळ नुसते बघत राहिले, आणि उठून माझ्या दाराजवळच्या भिंतीवर फुली काढली.

माझ्या भिंतीवर! मी त्यांच्यादेखत ओल्या फडक्याने ती पुसली. त्यांनी शांतपणे पुन्हा काढली. "अहो मामा, तो गुरगुरतसुद्धा नाही हो!" मी म्हणाले. "तेच तं सांगी ऱ्हायनू मी," मामा म्हणाले. मग जमिनीकडे बघतच म्हणाले, "सूनबाई, ही फुली तुनी शे, त्यानी नही. कुत्रा गुरगुरस म्हंजे 'थांब' म्हणस. तू त्यानी घंटी काढी लिधी. राग तं तसाच शे ना त्याना पोटमा?" त्यांनी मला दाखवलं, की मुलगी जवळ गेली की शेठ कसा ताठ होतो, ओठ चाटतो, तोंड फिरवतो आणि डोळ्याचा पांढरा भाग दिसू लागतो. मी ते रोज बघत होते आणि त्याला शहाणपणा म्हणत होते.

मी त्या दिवशी मामांना चहा दिला नाही. एवढंच करता येत होतं, ते मी केलं.

संध्याकाळी ह्यांना सांगितलं. हे लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, कामाला. त्यांना मात्र एका वाक्यात पटलं. म्हणाले, दोरा तुटल्यावर जो लूम थांबत नाही, त्याच्यावरचं कापड कोण भरवशाने विकेल? आणि पुढे म्हणाले, रविवारी टेम्पो आहे, शेठला पार हजीऱ्याकडे सोडून येतो, लेकराच्या तोंडाशी खेळ नको. मी शेठकडे बघितलं. तो गठ्ठ्यावर झोपला होता. मला रडू आलं, कारण बिघडवलं मी होतं आणि हद्दपार तो होणार होता. हे कळल्यावर मामांनीच मधला मार्ग काढला. पुढच्या रीडिंगपर्यंत, म्हणजे दोन महिने, मुदत द्या, म्हणाले. तोवर तो पुन्हा बोलला, म्हणजे गुरगुरला, तर राहील, नाही बोलला तर मी स्वतः टेम्पोत बसून सोडून येईन. तोवर मुलगी आणि कुत्रं एका खोलीत एकटी राहायची नाहीत. दाराला आडवी फळी लावली आणि चप्पल माळ्यावर गेली.

मग सुरू झाली ती शिकवणी. रोज कामावरून सुटले की मामा यायचे. शेठची ताटली ठेवायची, लांबून वळसा घेत एक पाऊल पुढे टाकायचं, तो ताठ झाला की तिथेच थांबायचं, भाकरीचा तूप लावलेला तुकडा त्याच्याकडे टाकायचा आणि मागे फिरायचं. म्हणजे तू म्हणालास, मी ऐकलं. माझ्याकडूनही तेच करून घेतलं. शेजारणी ओट्यावर बसून हसायच्या, की लोक कुत्र्याला गप्प करायला शिकवतात, यांच्याकडे उलटीच शाळा. पाच आठवडे शेठने तुपाच्या भाकऱ्या हाणल्या, त्याचं पोट सुटलं, पण तोंडातून शब्द नाही. माझा धीर सुटत चालला होता. आणि एका संध्याकाळी मामांनी पाऊल टाकलं तेव्हा शेठच्या नरड्यातून बारीक, घाबरतच आलेला आवाज आला. गुर्र. मामा तिथल्या तिथे वळले, अंगणात आले आणि हात वर करून ओरडले, "बोलना! शेठ बोलना!" शेठ बोलला म्हणून कोपऱ्यावरून पेढे आणून त्यांनी गल्लीभर वाटले. कोण पास झालं, असं लोक विचारत होते. आमचं कुत्रं गुरगुरलं, हे सांगताना मला लाज वाटत होती आणि पेढा मात्र मी दोनदा घेतला.

त्यानंतर आठच दिवसांनी ते घडलं. माल दुपारी द्यायचा होता, मशीन एकसारखं चालू होतं आणि मुलगी झोपली होती म्हणून मी फळी लावली नव्हती. चूक माझीच. दोरा तुटला, मशीन थांबलं, मी सुईत दोरा ओवत होते, आणि त्या शांततेत मागून आवाज आला. गुर्र. मशीन चालू असतं तरी ऐकू गेला असता, इतका खणखणीत. वळून बघते तर मुलगी उठून पलीकडच्या खोलीत गेलेली, शेठ कोपऱ्यात अडकलेला, तिने त्याचा कान मुठीत धरलेला आणि तिचा गाल त्याच्या दातांपासून चार बोटांवर. दिवसभर तो कान खाजवत होता. दुखत असावा, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. शेठ तिच्याकडे बघत नव्हता. तो माझ्याकडे बघत होता. मला किंचाळायचं होतं, झेप घ्यायची होती. आणि कानात मामा बोलले, पयू नको, वरडू नको, डोयामा दखू नको. मी उठले, जमिनीकडे बघत, भिंतीच्या कडेने, अर्धा गोल काढत गेले. आणि तिथे पोहोचल्यावर, देवाशपथ सांगते, मी जांभई दिली. शेठने मान वळवली. मी अलगद मुलीची मूठ सोडवली, तिला उचललं आणि साड्यांच्या ढिगावर बसून मोठ्याने रडले. शेठ बाजूला येऊन बसला. मी त्याला शहाणा म्हणाले, दहादा म्हणाले.

रीडिंगच्या दिवशी मामांना हे सगळं सांगितलं. त्यांनी भिंतीवरची फुली स्वतःच्या रुमालाने पुसली आणि तिथे दोन रेघा काढल्या. दुसरी रेघ जरा वाकडी आली. मग फरशीकडे बघत त्यांनी एक मोठी जांभई दिली. या वेळी मला अर्थ विचारावा लागला नाही. मी आत जाऊन दुप्पट दुधाचा चहा टाकला.

आता मामा मुलाबरोबर हजीऱ्याला राहतात, कंपनीच्या बिल्डिंगीत, पाचव्या मजल्यावर. तिथे कुत्र्याला लिफ्टमध्येही परवानगी नाही. आमच्याकडे नवीन मीटर बसलेत, आकडे वाचायला कोणी दारात येत नाही. गल्लीतल्या खुणा एकेका दिवाळीच्या रंगाखाली गेल्या. आमच्या दोन रेघा तेवढ्या आहेत, पावसाने गेल्या की मुलगी शाळेतला खडू आणून काढते. शेठ म्हातारा झालाय, गठ्ठ्यावर चढवून द्यावा लागतो. रविवारी मामांचा फोन येतो, माझी चौकशी होते, ह्यांची होते, आणि मग ते विचारतात, "बोलस का अजून?" बोलतो, मी म्हणते. "मंग बरं शे," म्हणतात आणि ठेवून देतात. आभार मानायचे म्हणून मी दर वेळी तोंड उघडते, पण ते बहुतेक तेवढ्यासाठीच घाईने ठेवतात.

मुलगी आता सहावीत आहे. रोज सकाळी तिची वेणी घालताना मी तिची हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळवते आणि तिचा डावा गाल बघते. "आई, काय लागलंय का?" ती विचारते. काही नाही, मी म्हणते. खरंच काही नसतं. मामांनी सबंध लिंबायतभर खुणा काढल्या, त्या जवळपास सगळ्या पुसल्या गेल्या. या गालावर एक खूण झाली असती, ती त्यांनी होऊच दिली नाही. ती कोणाला दिसत नाही. मला रोज सकाळी दिसते.