शालनवहिनीच्या कॅसेटी

दादाचा फोन सकाळी शाळेत प्रार्थना सुरू व्हायच्या बेतात आला. "शालन गेली गं," एवढंच म्हणाला. चार दिवसांपूर्वीच इंदापूरला जाऊन वहिनीला भेटून आले होते. आता फार दिवस नाहीत, हे दिसतच होतं. त्या फोनला आता महिना उलटला. विधी झाले, माणसं येऊन गेली. वहिनी किती सोशिक होती, तिच्या हाताला किती चव होती, हे सगळे बोलले. त्यात खोटं काही नव्हतं. पण तिची खरी गोष्ट कुणी बोललंच नाही, कारण ती कुणाला ठाऊकच नाही. आणि ती ठाऊक नसण्यात माझाही वाटा आहे.

नव्वद साल उलटलं होतं. नरसिंहपूरकडच्या, माळवं म्हणजे भाजीपाला पिकवणाऱ्या घरातून वहिनी आमच्याकडे सून म्हणून आली. दादाचं लग्नकार्याला लाउडस्पीकर लावायचं दुकान होतं. दुकानामागं घर आणि घरामागं पत्र्याची एक खोली. तिच्यात कर्णे, वायरींची भेंडोळी, दोन जुने रेकॉर्ड प्लेअर आणि तबकड्यांची चळत. कॅसेटी आल्यापासून तबकड्यांना कुणी विचारत नव्हतं. आईनं नव्या सुनेला त्यांच्यावरची धूळ पुसायला बसवलं. वहिनीनं पुसलेली प्रत्येक तबकडी लावून ऐकली.

मी तेव्हा बारामतीला कॉलेजात होते. दुपारच्या एसटीनं घरी आले, की वहिनी मागच्या खोलीतून हाक मारायची.

"वन्सं, हितं या बिगीबिगी. ह्ये आयका."

दोन्ही प्लेअर तिनं शेजारी मांडलेले असायचे. एकावरचं गाणं सरत आलं, की दुसऱ्यावरची तबकडी सुरू करायची. मग तिच्या कडेला बोट हलकेच टेकवून तिचा वेग असा धरायची, की दोन्ही गाण्यांचे ठेके एकमेकांत बसले पाहिजेत. प्लेअर जोडलेल्या ॲम्प्लिफायरवर आवाज कमीजास्त करायची बटणं होती. त्यांनीच एक गाणं विझवत दुसरं वर आणायची. सांधा कुठं आहे, ते मला कधीच कळलं नाही. हे तिला कुणी शिकवलं होतं? कुणीच नाही. मी विचारलं, तर म्हणाली, "दोगंबी एकाच चालीनं चालत्यात. मी नुसतं त्यांना एका वाटंला लावते."

उसाच्या हंगामात रस्त्यानं कारखान्याकडं बैलगाड्या जायच्या. एकदा तिनं खिडकीतून माइक बाहेर धरला आणि बैलांच्या गळ्यातल्या घुंगरांचा आवाज टेपवर घेतला. एका तबकडीवरची ढोलकी, दुसरीवरची सनई आणि खाली तो घुंगरांचा ठेका, अशी अर्ध्या तासाची एक कॅसेट तिनं केली. स्वतःला ऐकायला केली. दादानं ती चुकून भवानीनगरच्या एका लग्नात लावली. घुंगरं वाजायला लागली, तसं सगळं वऱ्हाड जागचं उठलं. लोकांनी तीच कॅसेट चार वेळा लावायला लावली. "कुणी केली हो ही?" म्हणून विचारल्यावर दादा म्हणाला, "मीच."

त्या एका शब्दानं सगळं फिरलं. लोणी देवकरपासून बारामतीपर्यंत लोक दादाकडं 'तसली' कॅसेट मागायला लागले. वहिनीनं ती करायची आणि दादानं द्यायची. गिऱ्हाईक आत डोकावू नये म्हणून दादा मागच्या खोलीला बाहेरून कडी घालायला लागला. "आत मशीन चालूय, जाऊ नका कुणी," असं सांगायचा. चैत्रातल्या दुपारी तो पत्रा नुसता भाजायचा. पंख्याचा आवाज टेपवर येतो म्हणून पंखा बंद. मी हळूच कडी काढून पाणी न्यायचे. ती पदरानं मान पुसत म्हणायची, "वन्सं, आदी मला गाणी सुचायची. आता सांगितल्यात तेवढीच वाजवते." तेव्हा हे दादाला सांगावं, असं माझ्या मनात यायचं. पण माझी कॉलेजची फी दादाच भरत होता, आणि या पोरीला घरी बसवा म्हणून आई त्याच्या मागं लागलेलीच होती. मी पाण्याचा तांब्या ठेवायचे आणि कडी होती तशी लावून परत यायचे.

शेवटच्या वर्षी आमच्या कॉलेजच्या स्नेहसंमेलनात दुपारच्या कार्यक्रमाला दादाला बोलावलं. मुलांना ते समोर वाजवताना बघायचं होतं. दादाला तर एका गाण्याचा ठेका दुसऱ्यात बसवता यायचा नाही. मी धीर करून म्हणाले, "वहिनीच वाजवू दे की." दादा हो म्हणाला! वहिनीनं स्वतः तबकड्या निवडल्या, त्या जुन्या लुगड्यात गुंडाळल्या. जायच्या दिवशी ती लग्नातली हिरवी साडी नेसली. टेम्पोत दादाशेजारी बसून सगळ्या वाटेनं ती मांडीवर बोटांनी ठेका धरत होती.

स्टेजवर पोचल्यावर दादानं टेबल मांडलं, त्यावर एक तिसरा, बंद पडलेला प्लेअर ठेवला आणि चालू दोन्ही प्लेअर पडद्यामागं नेले. "तू आतून वाजव," तो म्हणाला. "पुढं पोरं हायती सगळी. बाईमाणसानं हुबं ऱ्हायचं म्हणजे..."

वहिनीनं फक्त माझ्याकडं पाहिलं. मी वायर ओढायला मदत केली.

तिनं त्या दिवशी जे वाजवलं, तसं मी पुन्हा कधी ऐकलं नाही. पुढं दादा कानाला हेडफोन लावून त्या मेलेल्या प्लेअरवर हात फिरवत होता आणि मुलं बेंचांवर चढून नाचत होती. कार्यक्रम संपला. प्राचार्यांनी दादाला शाल घातली, नारळ दिला. सूत्रसंचालन माझ्याकडं होतं. माइक माझ्या हातात होता. पडदा माझ्यापासून चार पावलांवर होता आणि त्याच्या फटीतून हिरवी साडी दिसत होती... मी म्हणाले, "या कलाकाराची मी बहीण आहे, याचा मला अभिमान वाटतो." टाळ्या पडल्या.

त्यानंतर वहिनीनं तबकडीला हात लावला नाही. भांडली नाही, रुसली नाही. "हात दुखत्यात," एवढंच म्हणायची. दादानं समजावून पाहिलं, चिडून पाहिलं. एकदा सकाळी तिला खोलीत घालून कडी लावली आणि संध्याकाळी उघडली. वहिनी सगळ्या तबकड्या लख्ख पुसून, रचून शांत बसली होती. टेप कोरी. मग दादाच दमला. तयार कॅसेटी आणायला लागला. माझं लग्न झालं, शाळेत नोकरी लागली. मी त्या घरातून बाहेर पडले. ती तिथंच राहिली.

चार दिवस आधी भेटले, तेव्हा खोलीत आम्ही दोघीच होतो. इतक्या वर्षांनी मी म्हणाले, "वहिनी, त्या दिवशी माइक माझ्या हातात होता गं."

ती म्हणाली, "व्हय. म्या वाट बघितली हुती." थोडा श्वास घेऊन पुन्हा म्हणाली, "पर तुमालाबी त्याच घरात परत यायचं हुतं की, वन्सं."

तिनं मला माफ केलं, की नुसतं खरं तेवढं सांगितलं, हे मला अजून ठरवता येत नाही.

तेराव्याला दादाचं जुनं गिऱ्हाईक असलेले एक तात्या आले होते. मांडवात सगळ्यांच्या देखत म्हणाले, "आपल्या तालुक्यात डीजे म्हणजे काय, ते पैल्यांदा ह्या मानसानं दावलं." दादानं मान खाली घातली. लोकांना वाटलं, दुःखानं. माणसं पांगल्यावर मी त्याच्याजवळ बसले.

"दादा, आता तरी सांग."

"कुणाला सांगू? ऐकायचं तिनं. ती गेली."

"मग मी लिहिते."

तो रडला. बायको गेली त्या दिवशीही मी त्याला असं रडताना पाहिलं नव्हतं. डोळे पुसून म्हणाला, "लिही. तिचं नाव ठळक लिही. पर माजं नाव कुठं घालू नगंस."

मी ते घातलेलं नाही. त्या कॅसेटी शालनवहिनीनं केल्या.